दोन माणसांची गाडी, दोन टनांचं वजन

दिवाळीच्या सुट्टीत जयगडच्या जेटीवर तवसाळच्या फेरीबोटीची वाट बघत उभे होतो. पुढे चिरे भरलेला पिकअप, मग आमची वॅगनार, आणि आमच्या मागे एक लालभडक, जमिनीला टेकलेली, उघड्या टपाची गाडी. एमजी सायबरस्टर. विजेवर चालणारी. हिची दारं बाजूला उघडत नाहीत, कोंबड्याने पंख उभारावेत तशी वर जातात. ती वर गेली आणि जेटीवरची सगळी पोरं तिकडे पळाली. मासळीच्या पाटीशेजारी बसलेल्या मावशींनीसुद्धा मान वळवली.

फेरीवरचा पोरगा गाड्या लावून घ्यायला आला. त्याला गाडीच्या किमतीशी काही देणंघेणं नव्हतं. "साहेब, वजन किती हो हिचं?"

"जवळजवळ दोन टन."

"एवढीशीचं?" असं म्हणून त्याने पिकअप थोडा पुढे सरकवला आणि लाल गाडी मधोमध घेतली. आम्हाला कडेला लावलं.

माझा भाचा आठवीत आहे. त्याने फोनवर शोधून काढलं: सायबरस्टर 1,985 किलो, आपली वॅगनार साडेआठशेच्या आसपास. "मामा, आपल्यात पाच माणसं बसतात, तिच्यात दोन. मग ती आपल्या दुपटीहून जड कशी? स्पोर्ट्स कार हलकी असते ना?"

प्रश्न बरोबर होता. खाडी ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात उत्तर पुरं झालं नाही, म्हणून इथे लिहितोय.

कुठलं वजन?

आधी एक शब्द नक्की करू. गाडीत तेल, पाणी, इंधन सगळं भरलेलं आहे, पण सामान भरलेलं नाही, अशा तयार गाडीच्या वजनाला कर्ब वजन म्हणतात. काही देशांत त्यात ड्रायव्हरचे 75 किलोही धरतात. महागड्या गाड्यांचे कारखानदार मात्र कधीकधी 'ड्राय', म्हणजे तेल-पाणी काढलेलं वजन छापतात. मासळी बर्फासकट तोलली की बर्फ झटकून, यावर भाव कसा बदलतो हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्यामुळे पुढचे आकडे पाच-पंचवीस किलो इकडेतिकडे धरून वाचावेत. फरक इतका मोठा आहे की त्याने मुद्दा बदलत नाही.

याच नावाची 1962 ची गाडी

लाल गाडीच्या नाकावर जो एमजीचा अष्टकोनी बिल्ला आहे, तोच बिल्ला 1962 साली आलेल्या एमजीबी या इंग्लिश गाडीवर होता. तीही दोन माणसांची, तीही उघड्या टपाची. वजन साधारण सव्वानऊशे किलो. म्हणजे साठ-बासष्ट वर्षांत एकाच बिल्ल्याखालची, एकाच प्रकारची गाडी दुपटीहून जड झाली.

आणि एमजीबी काही तेव्हाची सर्वांत हलकी नव्हे. लोटस कंपनीची 1957 ची 'सेव्हन' पाचशे किलोंच्या घरात होती. तिला नीटशी दारं नव्हती, डोक्यावर कापडाचं छत, बाकी हवा खायची. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याचं म्हणणं साधं होतं: ताकद वाढवलीत तर गाडी सरळ रस्त्यावर पळेल, वजन कमी केलंत तर सगळीकडेच पळेल. त्या काळी इंजिनंच छोटी आणि अशक्त, त्यामुळे हलकेपणा ही गरजही होती.

त्याच दशकात मर्सिडीजने 300 एसएल काढली. तिचा सांगाडा बारीक पोलादी नळ्या जोडून केलेला होता, फक्त ऐंशीएक किलोंचा. पण त्या नळ्यांची कड बाजूने इतकी उंच आली की नेहमीसारखी दारं बसवायला जागाच उरली नाही. म्हणून 1954 च्या या गाडीची दारं छपराला बिजागऱ्या लावून वर उघडणारी केली. आजच्या सायबरस्टरची दारं हौसेपोटी वर जातात. त्या मर्सिडीजची वजनापोटी गेली होती.

किलो आले कुठून?

एकदम कुठून आले नाहीत. थोडे थोडे आले आणि बहुतेक सकारण आले.

पहिलं कारण सुरक्षा. साठच्या दशकाअखेरीस अमेरिकेने गाड्यांसाठी सुरक्षेचे नियम घातले, आणि 1973 पासून ताशी पाच मैलांच्या धडकेत नुकसान न होणारे बंपर सक्तीचे केले. त्या वेळच्या स्पोर्ट्स कारना अमेरिकेची बाजारपेठ सोडून चालणार नव्हतं. एमजीबीच्या नाकावरचे चकचकीत बंपर गेले, 1974 मध्ये काळे रबरी ढोपरासारखे बंपर आले, आणि दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून अख्खी गाडी इंचभर वर उचलावी लागली. तिच्या चाहत्यांनी ते दुःख अजून गिळलेलं नाही. पुढे दारांत आडवे पोलादी दांडे आले, एअरबॅगा आल्या, आणि गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं घडवायला लागले.

हे चेपणं म्हणजे काय ते माडाखाली उभं राहिलं की कळतं. चाळीस फुटांवरून सोडणासकट पडलेला नारळ सहसा फुटत नाही. तोच सोललेला नारळ हातातून पायरीवर पडला तर दोन भकलं होतात. सोडण मार खातं, दबतं, आणि आतल्या करवंटीपर्यंत धक्का मऊ होऊन पोचतो. आधुनिक गाडीत पुढचा-मागचा भाग सोडणासारखा आणि माणसं बसतात तो डबा करवंटीसारखा कडक. दोन्ही हवं, म्हणजे धातू जास्त, जागा जास्त, वजन जास्त. 1957 ची सेव्हन म्हणजे निव्वळ खोबरं होतं.

दुसरं कारण सोय. एसी, खाली-वर होणाऱ्या मोटारीच्या काचा, मोटारीवर सरकणाऱ्या गाद्या, आवाज दाबणारे जाड थर, स्क्रीनचे पडदे, स्पीकर. प्रत्येक वस्तू दोन-चार-दहा किलोंची. कोणती एक काढा म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं.

तिसरं, टिकाऊपणा. हे कोकणातल्या माणसाने तरी वाईट मानू नये. जुन्या युरोपीय स्पोर्ट्स कारचा पत्रा खाऱ्या हवेत पापडासारखा जायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पोर्शेने 911 साठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला घेतला. त्याचं वजन फार नाही, पण आहे.

वजनाला वजन लागतं

खरी गोम पुढे आहे. वर मोजलेल्या वस्तूंची बेरीज केली तर ती हजार किलो भरत नाही. उरलेलं वजन त्या वजनाने स्वतःच ओढून आणलं.

बंदरावरचं उदाहरण घ्या. बोटीला जरा मोठी जाळी घेतली. जाळी ओढायला यंत्र मोठं हवं. मोठं यंत्र डिझेल जास्त पितं, म्हणून टाकी मोठी. यंत्र आणि टाकी पेलायला सांगाडा दणकट. दणकट सांगाड्याने बोट आणखी जड, म्हणून यंत्र पुन्हा थोडं मोठं. शेवटी तुम्ही जाळी बदलायला गेलात आणि बोटच बदलून आलात.

गाडीचं अगदी असंच. एअरबॅगा आणि एसीने पन्नास किलो वाढले की जास्त ताकदीचं इंजिन, त्याला पेलणारा गिअरबॉक्स, थांबवायला मोठे ब्रेक, मोठे ब्रेक मावायला मोठी चाकं, चाकं मावायला रुंद अंग. पहिल्या पोर्शे 911 चे टायर 165 मिलिमीटर रुंद होते. 2019 मध्ये आलेल्या पिढीच्या साध्या 911 ला मागे 295 मिलिमीटरचे टायर आहेत.

या चक्राचं हल्लीचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 2024 ची बीएमडब्ल्यू एम5. चार दारांची आहे, पण नाव स्पोर्ट्स घराण्यातलं. तिला पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर दिली. ताकद 600 वरून 727 अश्वशक्तीवर गेली आणि वजन पाचशेहून जास्त किलोंनी वाढून 2,435 वर. ताशी 0 ते 100 किलोमीटर गाठायला जुनीला 3.4 सेकंद लागायचे, नवीला 3.5. सव्वाशे घोडे वाढवले आणि तेही ओझ्याखालीच गेले.

तरीही गाड्या वेगवान झाल्या ना?

झाल्या, आणि हाच आक्षेप पहिला येतो. पहिली 911 साधारण 1,080 किलोंची आणि 130 अश्वशक्तीची. शंभरचा वेग गाठायला नऊएक सेकंद घ्यायची. 2019 ची साधी कॅरेरा 1,505 किलोंची, पण 385 अश्वशक्तीची. सव्वाचार सेकंदांत शंभर. वजन चाळीस टक्के वाढलं, ताकद तिप्पट झाली. टनामागे किती घोडे, हा हिशेब मांडला तर नवी गाडी जुनीच्या दुपटीहून पुढे आहे.

मग वजनाची तक्रार कशाला? कारण ताकद फक्त पळवते. थांबवताना आणि वळवताना ती कामाला येत नाही.

स्कूटरवर पायाशी भरलेला गॅस सिलिंडर घेऊन परशुराम घाट उतरून बघा. तीसेक किलोंचा ऐवज. चढताना अॅक्सिलरेटर जास्त पिळला की काम भागतं. उतरताना मात्र ब्रेक लवकर धरावा लागतो, वळणावर स्कूटर बाहेर ढकलते, आणि घाट संपेस्तोवर बोटं दुखतात. तुमची स्कूटर नवी आणि दुप्पट ताकदीची असती तरी उतरणीवर तिचा काही उपयोग झाला नसता.

आकड्यांत सांगायचं तर, ताशी 100 किलोमीटर वेगातली 1,985 किलोंची गाडी जागेवर थांबवताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात अडीच लिटर पाण्याला उकळी येईल. एमजीबीच्या वजनाला सव्वा लिटरलाच. विजेची गाडी यातली बरीच ऊर्जा मोटर उलटी चालवून बॅटरीत परत घेते, हा तिचा मोठा गुण. पण कचकन ब्रेक दाबला की शेवटी टायर आणि रस्ता यांचाच मामला उरतो.

वळणावरही तेच. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, दुपटीहून जरा कमीच वाढते. म्हणून जड गाडीला रुंद, मऊ, महाग टायर लागतात आणि ते लवकर झिजतात.

बॅटरी एवढी जड का?

इथे वीजबिलातलं युनिट कामाला येतं. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण 12 युनिट ऊर्जा असते. 2019 मध्ये आलेल्या पोर्शे टायकान या विजेच्या गाडीची मोठी बॅटरी 93.4 युनिटांची, वजन सुमारे 630 किलो. म्हणजे किलोमागे जेमतेम 0.15 युनिट. सरळ भागाकार केला तर एक किलो पेट्रोलची बरोबरी करायला 80 किलो बॅटरी.

पण हा भागाकार अर्धवट आहे. पेट्रोल इंजिन दोनतृतीयांशाच्या आसपास ऊर्जा उष्णता करून उधळतं, विजेची मोटर दहातल्या नऊ भागांचं काम करून दाखवते. ते धरलं तर बरोबरी 80 वरून पंचवीस-तीस किलोंवर येते. तरीही पंचवीस पट म्हणजे पंचवीस पटच.

शिवाय पेट्रोल जळतं तशी गाडी हलकी होत जाते. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. मच्छीमार बोट जाताना डिझेल आणि बर्फाने दबलेली असते, डिझेल संपत येतं तशी पाण्यावर उचलते. विजेच्या गाडीला तो आराम नाही.

याचा साधा पुरावा एकाच घराण्यात मिळतो. 1996 ची लोटस एलिस सव्वासातशे किलोंच्या आसपास होती, चिकटवून जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर. याच एलिसवर बेतून टेस्लाने 2008 मध्ये आपली पहिली गाडी, रोडस्टर काढली. वजन 1,300 किलोंच्या घरात, त्यात 450 एक किलो नुसती बॅटरी.

एक गोष्ट मात्र बॅटरीच्या बाजूने नोंदवायला हवी. ती जमिनीलगत बसते. होडीत खालच्या फळीवर ठेवलेलं ओझं आणि डोलकाठीवर टांगलेलं ओझं यात जो फरक, तो इथेही आहे. त्यामुळे दोन टनांची विजेची स्पोर्ट्स कार वळणावर कलंडत नाही, तिच्यात बसलेल्याला ती हलकीच वाटते. वाटणं आणि असणं यातलं अंतर टायरवाला दाखवतो.

"पण जड गाडी मजबूत असते"

आपल्याकडे गाडी घेताना दार आपटून आवाज ऐकणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचं अगदीच चुकत नाही. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर जड गाडीतल्याला कमी धक्का बसतो, हलकीतल्याला जास्त. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. फक्त एवढंच की हा फायदा समोरच्याच्या खिशातून येतो, आणि आंब्याच्या झाडावर गाडी आदळली तर झाडाला तुमच्या वजनाचं काही पडलेलं नसतं.

मजबुती घडणीत असते. 2005 ची मारुती स्विफ्ट हजार किलोंच्या पुढे होती. आत्ताची सव्वानऊशेच्या आत-बाहेर आहे. तिच्याच घरातली डिझायर ग्लोबल एनकॅपच्या 2024 च्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे घेऊन आली. जास्त ताकदीचं पोलाद नेमक्या ठिकाणी वापरलं की कमी पोलादात काम होतं.

आणि हो, मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे या लाल गाड्यांनी पाडलेले नाहीत. पन्नासच्या दशकाअखेरीस अमेरिकेत मोठी चाचणी करून असं दिसलं की रस्त्याची झीज आसावरच्या, म्हणजे चाकांच्या एका जोडीवरच्या, भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. दहा टनांचा आस एक टनाच्या आसापेक्षा दहा हजार पट झिजवतो. त्या हिशेबाने आमच्या पुढचा चिऱ्यांचा पिकअपही निरागस ठरतो. महामार्गाबद्दल बाकी काही न बोललेलं बरं.

मग हलकी गाडी कोणी करतच नाही का?

करतात. दोन टोकांना.

एका टोकाला पैसा. पोलादाच्या तुलनेत अॅल्युमिनियमचं वजन आकारमानाला एकतृतीयांश, कार्बन फायबरचं त्याहून कमी. होंडाने 1990 मध्ये एनएसएक्सचं अख्खं अंग अॅल्युमिनियमचं केलं. 1992 ची मॅक्लारेन एफ1 कार्बन फायबरची, तीन माणसांची, 627 अश्वशक्तीची आणि तरी 1,138 किलोंची. ती आखणाऱ्या गॉर्डन मरेने 2020 मध्ये टी.50 दाखवली: आजच्या नियमांत बसणारी, एसी असलेली, तरी हजार किलोंच्या आतली, 986. म्हणजे जमतं. पण फक्त शंभर गाड्या आणि प्रत्येकीची किंमत वीस लाख पौंडांहून जास्त. आपल्याकडच्या होड्या लाकडाऐवजी फायबरच्या झाल्या तेव्हा त्या हलक्याही झाल्या आणि आवाक्यातही राहिल्या, कारण ते काचेचं फायबर होतं. कार्बनचं कापड महाग, ते भट्टीत दाबाखाली पकवायला वेळ लागतो, आणि तडा गेला तर गॅरेजात ठोकून सरळ होत नाही.

दुसऱ्या टोकाला चिकाटी. माझदाची एमएक्स-5 ही दोन माणसांची उघडी गाडी 1989 मध्ये साडेनऊशे किलोंच्या आसपास होती. दोन पिढ्यांत तीही फुगली. मग 2015 च्या चौथ्या पिढीला जपानी अभियंते उलटे फिरले. जपानातल्या साध्या मॉडेलचं वजन 990 किलोंवर आणलं, एअरबॅगांसकट. जादू कुठलीच नव्हती. बॉनेट, डिकीसोबत पुढचे मडगार्डही अॅल्युमिनियमचे केले, चाकाला पाचऐवजी चार नट लावले, इंजिन लहान ठेवलं. त्याच्या आधीच्या पिढीत तर या मंडळींनी आतल्या आरशातूनही 84 ग्रॅम काढले होते. 84 ग्रॅम म्हणजे दोन लिंबं. पण वरचं बोटीचं चक्र आठवा: ते उलटंही फिरतं. दोन लिंबं इथून, चार तिथून, मग ब्रेक थोडे छोटे चालतात, मग चाकं छोटी, मग इंजिन छोटं.

मला स्वतःला टी.50 पेक्षा या माझदाचं कौतुक जास्त वाटतं. पैसे ओतून हलकं करणं सोपं. प्रत्येक सुट्या भागाच्या मालकाशी भांडून हलकं करणं अवघड, कारण कारखान्यात प्रत्येक किलोचा एक मालक असतो. सुरक्षावाल्याला त्याचा दांडा हवा, आवाजवाल्याला त्याचा थर, विक्रीवाल्याला मोठा पडदा. कोणाचंच चुकत नाही.

एवढं सांगेपर्यंत तवसाळ कधीच मागे पडलं होतं. गुहागरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा भाच्याने आमची डिकी उघडली. आत एक पोतं नारळ, दोन छत्र्या, आणि गणपतीला पुण्याच्या मावशीकडे न्यायचा म्हणून ठेवलेला आणि तिथेच राहिलेला पाटा.

"मामा, हा किती किलो असेल?"

पाटा त्याच्या आजीचा आहे. तो उतरवायचा विषय घरी काढणार तो मी नव्हे.